प्रोग्रॅमिंग शिकतेय : व्हिडिओ कळतो, पण कोरी फाइल उघडली की काहीच सुचत नाही

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गाव सांगली जिल्ह्यात. कॉलेजात सी शिकवतात, टर्बो सी वर. यूट्यूबवर पायथनचे व्हिडिओ बघते. सर सांगतात तेव्हा सगळं पटतं, त्यांच्यामागून टाइप केलं की चालतंही. पण स्वतः कोरी फाइल उघडून बसले की पहिली ओळ काय लिहायची तेच कळत नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलमधले पॅलिंड्रोम, आर्मस्ट्राँग नंबर, फिबोनाची हे पाठ केलेत. प्रश्न जरा फिरवून आला की संपलं.

मैत्रीण म्हणते सी सोड, पायथन कर. दुसरी म्हणते जावाशिवाय नोकरी नाही. घरी लॅपटॉप नाही, फोन आहे, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये आठवड्यातून दोनदा मशीन मिळतं. इंग्रजी वाचता येतं, पण एरर आली की घाबरायला होतं. नक्की कुठून सुरुवात करू? भाषा बदलू का?

जुना_कंपायलर

भाषा बदलायचा विचार जरा बाजूला ठेव आणि आधी एक कागद घे. त्यावर या चार ओळी लिही :

अ = ५
ब = ७
अ = ब
ब = अ

शेवटी अ मध्ये किती आणि ब मध्ये किती? मशीनवर चालवू नकोस, कागदावरच उत्तर काढ आणि इथे लिही. मग पुढचं बोलू.

कृष्णाकाठ

अ = ७ आणि ब = ५. अदलाबदल झाली ना?

जुना_कंपायलर

नाही झाली. दोन्हीत ७ आहेत. तिसऱ्या ओळीने अ मध्ये ७ ठेवले त्याच क्षणी तिथला ५ गेला. तो दुसरीकडे कुठे लिहून ठेवलेला नव्हता. चौथी ओळ अ मधलं आत्ताचं, म्हणजे ७, उचलते आणि ब मध्ये ठेवते. अदलाबदल करायची तर तिसरं नाव लागतं, ५ तात्पुरता ठेवायला.

तुझं उत्तर सुरुवात करणाऱ्या खूप जणांचं असतं आणि त्याला कारण आहे. शाळेत दहा वर्षं आपण = हे चिन्ह 'दोन्ही बाजू सारख्या' असं वाचत आलो. सी, पायथन, जावा या भाषांत ती एक आज्ञा असते : उजवीकडचा हिशेब आधी कर, आलेलं उत्तर डावीकडच्या नावात ठेव. म्हणूनच क्ष = क्ष + १ ही ओळ गणिताच्या वहीत अशक्य असते आणि प्रोग्रॅममध्ये पानोपानी दिसते. हे व्हिडिओत सांगतातही. पण सांगणारा पुढे जातो, आपण मान हलवतो आणि मनात जुनाच अर्थ राहतो.

कोरी फाइल समोर आल्यावर सुचत नाही याचं मूळ माझ्या मते इथे आहे. एकेक ओळ मशीनच्या आत काय बदलते याचं चित्र डोक्यात पक्कं नसेल तर नवी ओळ कुठून सुचणार? पाठ केलेला आर्मस्ट्राँग आठवणीतून येतो, त्यामुळे प्रश्न फिरला की आठवण उपयोगी पडत नाही.

उपाय म्हणजे ड्राय रन. तुमच्या सरांनीही सांगितला असेल आणि वर्गात कुणी केला नसेल. वहीत प्रत्येक व्हेरिएबलसाठी, म्हणजे अ, ब सारख्या नावासाठी, एक रकाना आखायचा. प्रोग्रॅमची ओळ वाचायची, कुठल्या रकान्यातला आकडा बदलला ते लिहायचं, जुना आकडा खोडायचा. लूप असेल तर प्रत्येक फेरीला नवी ओळ. शेवटी काय छापलं जाईल ते लिहून ठेवायचं आणि मगच रन दाबायचं. तुझं उत्तर आणि मशीनचं उत्तर वेगळं निघालं तर तिथेच थांबायचं, कारण त्या फरकात तुला नेमकं काय कळलं नव्हतं ते सापडतं. पुढचा व्हिडिओ तोवर बघायचा नाही.

याला लॅपटॉप लागत नाही. घरी वहीत ड्राय रन करायचा आणि लॅबमध्ये पडताळायचा. आठवड्यातून दोन वेळा मशीन मिळतं ते एवढ्याला पुरतं.

सह्याद्री_वारा

ड्राय रनशी सहमत. पण टर्बो सी बद्दल कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं. बोरलँडचं ते सॉफ्टवेअर १९८७ सालचं आहे. आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर ते थेट चालतसुद्धा नाही, जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये घालून चालवावं लागतं. व्हॉइड मेन, कोनिओ, क्लियर स्क्रीन हे जे मुलं पाठ करतात ते सीच्या स्टँडर्डमध्ये नाही. आणि त्यात इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, दोनच बाइटची, म्हणजे ३२७६७ च्या पुढे मावत नाही.

करून बघ : फॅक्टोरियलचा (१ पासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराचा) प्रोग्रॅम लिही, इंट वापरून. ७ चं उत्तर ५०४० बरोबर येईल. ८ चं यायला हवं ४०३२०, टर्बो सी दाखवेल उणे २५२१६. नवशिक्याला वाटतं आपलं लॉजिक चुकलं, आणि तो तासभर लूपमध्ये शोधत बसतो. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादाच नाही, १०० चं फॅक्टोरियलही नीट येतं. म्हणून माझं मत, पायथन कर.

प्रयोगवही

मी नाशिकला बी.सी.ए.ला शिकवते. पायथन सोपी आहे यावर वाद नाही. पण हिची परीक्षा सी मध्ये आहे, आणि सत्राच्या मध्यात दुसरी भाषा धरली की दोन्ही अर्धवट राहतात हे मी वर्गात दरवर्षी बघते. सी वाईट नाही, टर्बो सी हा जुना कंपायलर (प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर) अडचणीचा आहे. लॅबच्या मशीनवर जीसीसी हा आजचा फुकट सी कंपायलर टाकता येतो का विचार, लिनक्स असेल तर तो बहुतेक आधीच असेल. मेन समोर व्हॉइड काढून इंट लिहायचं, कोनिओ आणि क्लियर स्क्रीनच्या ओळी काढून टाकायच्या, बाकी जर्नलमधले बहुतेक प्रोग्रॅम चालतात.

आणि सह्याद्री, ते फॅक्टोरियलचं उदाहरण मी मुद्दाम वर्गात करून घेते. जीसीसीवर इंट चार बाइटचा असतो. तिथे १२ पर्यंत उत्तर बरोबर, १३ ला येतं १९३२०५३५०४. खरं उत्तर ६२२७०२०८०० आहे. गंमत अशी की हे चुकीचं उत्तर धन आहे, मोठं आहे, दिसायला अगदी ठीक आहे. कुणी कागदावर पडताळलं नाही तर कळणारच नाही. आकड्याला जागा लागते, ती जागा ठरलेली असते, ती भरली की काय होतं, हे सी इतकं लवकर दुसरी कुठली भाषा दाखवत नाही. मुलीनं हे पहिल्या वर्षात बघितलं तर तिचं भलंच होईल.

तेव्हा कृष्णाकाठ, कॉलेजात सी चालू ठेव. घरी फोनवर काही स्वतःचं करायचं असेल तर पायथन चालेल. तिसऱ्या भाषेचं नाव पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत काढू नकोस.

रात्रपाळी

ताई, मी चाकणला कंपनीत आहे, आयटीआय झालंय. मी पूर्ण पायथन फोनवर शिकलो, म्हणून फोनचं सांगतो. पायड्रॉइड ३ नावाचं अॅप आहे, अँड्रॉइडवर चालतं, प्रोग्रॅम चालवायला नेट लागत नाही. कीबोर्डच्या वर कंस, कोलन, टॅब यांची वेगळी पट्टी येते, तिची सवय करून घ्या, नाहीतर एकेक चिन्ह शोधण्यात जीव जातो. ओटीजी केबल लावून साधा कीबोर्ड जोडला तर फारच बरं.

फोनवर मोठा प्रोग्रॅम एका नजरेत दिसत नाही. त्यामुळे मला आपोआप छोटी छोटी फंक्शन, म्हणजे नाव दिलेले प्रोग्रॅमचे तुकडे, लिहायची सवय लागली, स्क्रीनवर मावेल एवढी. एक सांगतो, ऑटोकरेक्ट बंद करा. ते व्हेरिएबलची नावं परस्पर बदलतं आणि मग नेम एरर येते.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. जुना_कंपायलर सर, तुमच्या सांगण्याप्रमाणे जर्नलमधले सगळे लूपचे प्रोग्रॅम वहीत करतेय. खूप वेळ लागतो, पण आर्मस्ट्राँगमध्ये बाकी का काढतात ते मला पहिल्यांदा कळलं! १५३ मधल्या अंकांच्या घनांची बेरीज १५३ च येते का ते बघायचं, म्हणून १० ने भागून बाकी ३, तो शेवटचा अंक. मग १५ उरतात. हे मी नुसतं पाठ केलं होतं.

आता प्रश्न असा की स्वतःचं काय करू? सगळीकडे 'प्रोजेक्ट करा' म्हणतात, आणि उदाहरणं म्हणजे कॅल्क्युलेटर नाहीतर टू-डू लिस्ट. मला त्यात रस वाटत नाही.

जुना_कंपायलर

घरी वहीत कसला हिशेब ठेवतात?

कृष्णाकाठ

दुधाचा. डेअरीत सकाळ-संध्याकाळ दूध घालतो, चिठ्ठी मिळते. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक), दर, रक्कम. दर दहा दिवसांनी बिल होतं. आई चिठ्ठ्या खिळ्याला अडकवून ठेवते आणि बिल आलं की जुळवत बसते. शेजारच्या दोन घरांचंही तीच बघते.

प्रयोगवही

मग दुसरं काही शोधूच नकोस. याच्याइतका चांगला पहिला प्रोग्रॅम मला सुचवता आला नसता, कारण बरोबर उत्तर काय ते तुझ्या घरात कागदावर आहे. नवशिक्याला ही सोय फार क्वचित मिळते. आणि उत्तर चुकलं तर आईच्या लगेच लक्षात येईल.

पण एकदम सगळं घ्यायचं नाही. पहिल्या दिवशी फक्त एका चिठ्ठीचा प्रोग्रॅम : लिटर आणि दर विचार, गुणाकार करून रक्कम दाखव. फॅट नाही, तारीख नाही, फाइल नाही. हे नीट चालेपर्यंत पुढे जायचं नाही. मग एका दिवसाच्या दोन चिठ्ठ्या आणि त्यांची बेरीज. मग दहा दिवस. इथे लूप येईल आणि तुला तो पाठ न करता लिहावा लागेल, कारण तुला वीस चिठ्ठ्या घालायच्या आहेत आणि वीस वेळा त्याच ओळी लिहायचा कंटाळा येईल. लूप कशासाठी असतो हे माणसाला असंच कळतं.

त्यानंतर दराचा तक्ता. डेअरीच्या भिंतीवर जो फॅट-एसएनएफचा तक्ता असतो, त्याचा फोटो काढून आण. फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ असेल तर दर इतका, हे पायथनच्या डिक्शनरीत, म्हणजे किल्ली दिली की तिची किंमत देणाऱ्या यादीत, छान बसतं. एक सूचना, किल्ली म्हणून दशांश अपूर्णांक वापरू नकोस. ३.५ ऐवजी ३५, ८.५ ऐवजी ८५ असे पूर्णांक ठेव. का ते आत्ता विचारू नकोस, पैशांपर्यंत पोचलीस की तुझं तुलाच दिसेल.

पूर्ण तक्ता भरायचीही घाई नको. तुमच्या दुधाला जे फॅट लागतं त्याच्या आसपासच्या ओळी भर. उरलेल्यासाठी 'दर सापडला नाही' असं छापायचं. तक्त्यात नसलेला आकडा आला तर प्रोग्रॅमने काय करायचं, हा प्रश्न स्वतःला विचारणं म्हणजेच प्रोग्रॅमिंग, आणि व्हिडिओत तो बहुतेक वेळा सुटलेला असतो.

सगळ्यात शेवटी चिठ्ठ्या फाइलमध्ये साठवायच्या, साधी सीएसव्ही (एका ओळीत स्वल्पविराम देऊन लिहिलेले आकडे). डेटाबेस, वेबसाइट, अॅप यातलं काहीही या वर्षी नको.

कृष्णाकाठ

केलं! पण सकाळी ६ लिटर आणि संध्याकाळी ५ लिटर घातलं तर एकूण ६५ लिटर दाखवतंय. 😟 एरर काहीच नाही.

रात्रपाळी

ताई, इनपुटने जे मिळतं तो मजकूर असतो, आकडा नाही. '६' आणि '५' शेजारी शेजारी चिकटवले की '६५'. इनपुट भोवती फ्लोट लावा, ते मजकुराचा दशांशी आकडा करतं. बाय द वे, पायथनचं इंट आणि फ्लोट देवनागरी अंकही घेतं. '१२' मराठीत टाइप केलं तरी बारा समजतं. आईंना फोनवर मराठी कीबोर्ड सोयीचा असेल तर चालेल.

जुना_कंपायलर

उत्तर मिळालंच आहे, मी शोधायची रीत सांगतो. एरर न येता उत्तर चुकतं तेव्हा मधल्या प्रत्येक पायरीला प्रिंट टाकायचं, आणि किमतीबरोबर तिचा प्रकारही छापायचा. पायथनमध्ये टाइप नावाचं फंक्शन त्यासाठीच आहे. तुझा वहीतला ड्राय रन आणि हे छापलेले आकडे शेजारी ठेव. जिथे पहिल्यांदा फारकत होते ती ओळ चुकीची. आधीच्या सगळ्या बरोबर, पुढच्या सगळ्यांवर त्याच चुकीचा परिणाम, म्हणून तिकडे बघायचंच नाही.

एररला घाबरते असं सुरुवातीला लिहिलं होतंस, त्याबद्दल. पायथनची लांबलचक लाल एरर खालून वर वाचायची. सगळ्यात खालच्या ओळीत काय झालं ते असतं, तिच्या वर कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीत झालं ते. नेम एरर म्हणजे हे नाव मला माहीत नाही, बहुधा स्पेलिंग चुकलं. टाइप एरर म्हणजे मजकूर आणि आकडा असलं काहीतरी एकत्र आलं. इंडेंटेशन एरर म्हणजे ओळीच्या सुरुवातीची जागा चुकली. पाच-सहा नावं ओळखीची झाली की पहिल्या वर्षाचं भागतं. सिंटॅक्स एररमध्ये मात्र दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळही बघायची, न मिटलेला कंस बऱ्याचदा तिथे असतो. ३.१० पासूनच्या आवृत्त्या तर कंस मिटला नाही असं सरळ सांगतात, तेव्हा जुनी आवृत्ती असेल तर बदलून घे.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नकोस. जुन्या सीमध्ये राखीव शब्द ३२, पायथनमध्ये ३५. बाकी नावं तू ठेवायचीस. पायथनमध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत 'दर' ठेवलं तरी चालतं. सवय मात्र रोमन नावांची कर, कारण पुढे इतरांबरोबर काम करायचं आहे.

प्रयोगवही

मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे पाठ आहेत, बरेच विषय मराठीत आहेत आणि फुकट आहेत. व्हिडिओ थांबवत थांबवत शेजारी स्वतः करायचं अशीच त्यांची रचना आहे. इंग्रजीतून चालत असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्राध्यापक माधवन मुकुंद यांचा पायथनवरचा कोर्स आहे. तो मात्र दुसऱ्या वर्षात घे, त्यातला अल्गोरिदमचा भाग आत्ता जड जाईल. बघायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला लागतात.

आजचा_विषय

एवढं सगळं हाताने कशाला? चॅटजीपीटी आलं २०२२ च्या नोव्हेंबरात, आता ही साधनं दुधाच्या बिलाचा प्रोग्रॅम मिनिटात लिहून देतात. ड्राय रन, वही, हे सगळं जुन्या काळातलं. मुलांनी एआयला काम कसं सांगायचं ते शिकावं.

डोंबिवली_लोकल

मी बँकेच्या सॉफ्टवेअरची चाचणी करते. आमच्याकडे एआयने लिहिलेला कोड रोज येतो आणि त्यातला पुष्कळ चांगला असतो. म्हणूनच मला उलटं वाटतं. कोड लिहिण्याचं काम कमी झालंय आणि वाचण्याचं वाढलंय. आलेल्या पन्नास ओळी वाचून 'इथे दहावा दिवस सुटतोय' हे सांगता यायला हवं, आणि ते वाचणं म्हणजे वर जुना_कंपायलर सांगत आहेत तेच, प्रत्येक ओळीनंतर कशाची किंमत काय आहे ते डोक्यात धरणं. नव्या मुलामुलींची मुलाखत घेते तेव्हा लिहायला थोडंच देते. एक छोटा प्रोग्रॅम समोर ठेवते आणि तो काय छापेल ते विचारते. बरेचजण तिथेच अडतात, अगदी ज्यांच्या बायोडेटात दहा प्रोजेक्ट आहेत तेसुद्धा.

कृष्णाकाठ, एआय वापरायचंच नाही असं मी म्हणणार नाही. तुला घरी विचारायला कुणी नाही, तिथे ते खरोखर मदतीला येतं. पण क्रम पाळ. आधी स्वतः लिही. अडलीस तर 'उत्तर देऊ नकोस, माझ्या कुठल्या ओळीकडे बघू ते सांग' असं विचार. एररचा अर्थ मराठीत समजावून माग, ते चांगलं करतं. आणि त्याने दिलेलं उत्तर आईच्या चिठ्ठ्यांशी जुळवल्याशिवाय खरं मानू नकोस. न समजलेली एकही ओळ आपल्या फाइलमध्ये चिकटवायची नाही, एवढा नियम पहिली दोन वर्षं कडक पाळ.

आजचा_विषय

वाचण्याचा मुद्दा मान्य आहे. मी नोकरीतल्या लोकांचा विचार करून लिहिलं होतं, शिकणाऱ्यांचा नाही.

कृष्णाकाठ

दहा दिवसांचं बिल झालं. डेअरीच्या बिलापेक्षा कमी येत होतं. डोंबिवली_लोकल ताई, तुम्ही सहज लिहिलेला 'दहावा दिवस सुटतोय' वाचला आणि वही काढली. मी रेंज १ ते १० दिली होती, पण पायथन त्यातला शेवटचा आकडा धरत नाही, रकाने भरले तर दिवस ९ वरच संपत होता! ११ केल्यावर लिटर जुळले.

आता फक्त पैशांत फरक पडतोय. आणि एकदा तर रक्कम कितीतरी शून्यं आणि शेवटी एक आकडा अशी आली.

प्रयोगवही

शाब्बास. आता ते दशांशाचं. पायथनला ०.१ + ०.२ विचार. उत्तर येईल ०.३०००००००००००००००४. मशीन आकडे दोनच्या घातांत (बायनरीत) साठवतं, आणि जसा आपल्याला एक तृतीयांश दशांशात पूर्ण लिहिता येत नाही तसा त्याला एक दशांश पूर्ण साठवता येत नाही. हा पायथनचा दोष नाही, सी मध्येही हेच होतं.

म्हणून पैशांचा हिशेब पैशांत, पूर्णांकात ठेवायचा. ३४ रुपये ५० पैसे म्हणजे ३४५०. रुपयाला १०० ने गुणून नुसतं इंट लावू नकोस. ०.२९ ला १०० ने गुणून इंट केलं तर २८ येतात, एक पैसा जातो. आधी राउंड करायचं. शिवाय डेअरी प्रत्येक चिठ्ठीची रक्कम पूर्ण करून मग बेरीज करते की बेरीज करून शेवटी एकदाच पूर्ण करते, ते चिठ्ठी बघून ठरव. फरक बहुतेक तिथेच आहे. हे कुठल्याही प्रोग्रॅमिंगच्या कोर्समध्ये मिळणार नाही, डेअरीच्या क्लार्कलाच विचारावं लागेल.

कृष्णाकाठ

विचारलं. प्रत्येक चिठ्ठीला पूर्ण करतात. तसं केलं आणि बिल पैशापर्यंत जुळलं. आईने मागची सगळी बिलं पुढ्यात आणून ठेवलीत!

आता शेजारच्यांची खातीही घालतेय. नावं मराठीत ठेवली. यादी क्रमाने लावली तर काटे, काळे, काशीद असं येतं. काशीद आधी यायला हवेत ना? शिवाय नावं एका रेषेत दिसावीत म्हणून लांबी मोजली तर तीही विचित्र येते.

अक्षरवेडा

हा धागा रोज वाचत होतो, आता माझा विषय निघाला म्हणून लिहितो.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीसाठी १२८ जागांचा एक गट आहे, आणि त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे बसवला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. पायथन नावांची तुलना या जागांच्या क्रमांकावरून करतं, म्हणून काळे आधी आणि काशीद नंतर.

लांबीचंही तसंच. 'नमस्ते' आपल्याला तीन अक्षरी दिसतो, पायथन ६ मोजतं : न, म, स, पाय मोडायचं चिन्ह, त, आणि मात्रा. 'क्षितिज' ची लांबी ७. म्हणून शब्द उलटा करून पॅलिंड्रोम तपासायचा जर्नलमधला प्रोग्रॅम मराठी शब्दावर चालवला तर मात्रा भलत्याच अक्षराला चिकटते. आपलं 'अक्षर' आणि युनिकोडमधली एकेक जागा, म्हणजे 'कोड पॉइंट', वेगळे, हे इंग्रजी नावांवर शिकणाऱ्याला फार उशिरा कळतं, तुला आत्ताच कळलं.

क्रमासाठी असं कर. वर्णमालेतली सगळी चिन्हं तुला हव्या त्या क्रमाने एका यादीत लिही, ळ ला ह नंतर ठेव. मग एक फंक्शन लिही : नाव घ्यायचं, त्यातल्या प्रत्येक चिन्हाचा यादीतला क्रमांक काढायचा, क्रमांकांची यादी परत द्यायची. हे फंक्शन पायथनच्या 'सॉर्टेड' या क्रम लावणाऱ्या फंक्शनला 'की' (key) म्हणून दे. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह आणि मधली मोकळी जागा हेही यादीत हवेत, नाहीतर ते चिन्ह सापडलं नाही म्हणून व्हॅल्यू एरर येईल. क्ष आणि ज्ञ सध्या क आणि ज खाली राहू देत, त्यांचं वेगळं करावं लागेल. फंक्शन लिहून झालं की रन करण्याआधी 'काळे' आणि 'काशीद' यांचे क्रमांक वहीत काढून इथे टाक, मी बघतो.